गुरुवारची गोळी

"ताई, वाताच्या गोळ्या द्या दहा रुपयाच्या." जळगाव जामोदला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे रोज कोणी ना कोणी म्हणतं. कोणता वात, कोणाला, कधीपासून, हे सांगायची पद्धत नाही. साठीतले झिजलेले गुडघे, कापूस वेचून धरलेली कंबर, चिकनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने मागे राहिलेली सांधेदुखी आणि अकोल्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहिलेलं असतं तो आमवात, हे सगळं आमच्याकडे वातच. आणि या सगळ्यांवर दहा रुपयांत मिळतं ते एकच, दुखणं दाबणारी गोळी.

मी डी.फार्म. करून, लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा गल्ल्यावर सासरे बसायचे. आमवाताची बाई ते पैशांवरून ओळखायचे. तिला नाणं चिमटीत धरता येत नाही, म्हणून ती बटव्यातले सगळे पैसे काउंटरवर ओतते आणि म्हणते, तुम्हीच घ्या मोजून. मी आणखी एक प्रश्न विचारायला लागले: सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले राहतात? गुडघे झिजलेला माणूस सांगतो, चार पावलं टाकली की मोकळं होतं. आमवाताची बाई सांगते, "नऊ वाजेपर्यंत मूठच वळत नाई, भाकर काय थापू?" दोन्ही हातांची बोटं, मनगटं सारखीच सुजलेली, हात लावला तर गरम. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो, तोही ऐन कामाच्या वयात. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली होती. अशा पाहण्यांवरून आपल्याकडे शंभर मोठ्या माणसांत एकाहूनही कमी जणांना आमवात असतो असं दिसतं. आकडा लहान वाटतो, पण तालुक्याच्या गावातल्या एका दुकानासाठी तो रोजचा ग्राहक आहे.

औषधाच्या धंद्यात कटिंग नावाचा प्रकार असतो. दहाची स्ट्रिप परवडत नाही म्हणून ग्राहक चार गोळ्या मागतो, आम्ही कात्रीनं तेवढा तुकडा कापून देतो. मजुरी रोजची, औषधही रोजचं, त्यामुळे या कात्रीला नावं ठेवणं सोपं नाही. पण कापलेल्या तुकड्यावर बहुतेक वेळा ना औषधाचं नाव उरतं, ना ताकद, ना मुदत. तापाच्या गोळीचं त्यावाचून फारसं अडत नाही. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटचं अडतं.

पूर्णाकाठच्या एका गावातली पंचेचाळिशीची बाई मुलाबरोबर आली होती. तोंडाला पदर धरलेला. "तोंड आलं वो ताई, पाणी बी गिळवत नाई. लावायची जेली द्या." तोंड येणं आमच्याकडे उन्हाळ्यात नित्याचं. मात्र तिच्या ओठांच्या आतून सालपटं निघाली होती, आणि दंडांवर कुठे आपटल्याशिवाय उठावेत तसे निळे डाग होते. दुसरं काय औषध चालू आहे विचारलं, तर मुलानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतले दोन तुकडे काढले. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. एक मेथोट्रेक्सेट, एक फॉलिक ॲसिड. चिठ्ठी मागवून पाहिली. त्यावर डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड बाकीच्या दिवशी. घरी गेल्यावर नेमकं उलटं झालं होतं. आठवड्याची गोळी रोज चालली होती आणि रोजची आठवड्याला. मुलाला रागवायला काही कारण नव्हतं. तो म्हणाला, "दोनी पिवळ्याच तं आहेत."

तिला त्याच दिवशी अकोल्याला पाठवलं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली गेलेले. दवाखान्यात ठेवून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली, ताप आला त्यावर प्रतिजैविकं दिली, आणि ती वाचली. काही महिन्यांनी तिच्या डॉक्टरांनी तेच मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, आठवड्यातून एकदा. आजही ती तेच घेते, आणि आता स्वतःच्या हातानं नाणी मोजून देते. औषध तेच, गोळीची ताकद तीच. फरक फक्त वाराचा. माझ्या धंद्यात इतक्या लहान गोष्टीवर जीव अवलंबून असलेलं दुसरं औषध मला माहीत नाही.

हे असं का होतं ते कळायला या गोळीचा इतिहास कामाला येतो, आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक वेगळ्याच जातीचा रक्तक्षय होई, त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रेडला लावून खातात ते मार्माइट, दिल्यावर या बायकांचं रक्त भरतं असं त्यांना दिसलं. त्या अर्कातलं जे काम करत होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. मग अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आपल्या आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार केलं आणि पाठोपाठ त्याची वाट अडवणारी रसायनंही बनवली. ती १९४७-४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. ते फॉलिक ॲसिडचं काम अडवतं, म्हणून ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना ते आधी गाठतं: तोंडाचं अस्तर, हाडातला मगज. आमवातात कर्करोगाच्या मानानं अगदी थोडी मात्रा देतात, साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. मधल्या सहा दिवसांत शरीर सावरतं. तो सावरायचा वेळच काढून घेतला की तोंड येतं, मग रक्तपेशी घटतात. अमेरिकेत आमवातासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली १९८८ साली, आणि अजूनही जगभर बहुतेक रोग्यांची सुरुवात याच गोळीनं होते, कारण ती स्वस्त आहे आणि सांधे वाकडे होण्याआधी आजाराला लगाम घालते.

पण हाच इतिहास मोबाइलवर अर्धा वाचला की उलटा लागू पडतो. "ताई, ही तं कॅन्सरची गोळी आहे म्हणे," असं म्हणून स्ट्रिप परत करायला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना मी मिलिग्रॅमचा हिशेब सांगते, आणि परत घेत नाही.

वार कोणता ठेवायचा, हे डॉक्टर बरेचदा रोग्यावर सोडतात. आमच्या भागात मी गुरुवार सुचवते. गुरुवार शेगावच्या गजानन महाराजांचा. आमच्याकडे निम्म्या घरांत त्या दिवसाची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. लिफाफ्यावर मी निळ्या पेनानं मोठं 'गुरु' लिहिते, नुसता इंग्रजी आकडा लिहीत नाही. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा यासाठी काही डॉक्टर ओ.डब्ल्यू. लिहितात, रोज एकदा यासाठी ओ.डी. आणि घाईतल्या अक्षरात यांच्यात किती अंतर राहतं ते प्रत्येक केमिस्टला माहीत आहे. मेथोट्रेक्सेटला मी शक्यतो कात्री लावत नाही. चार आठवड्यांच्या चार गोळ्या द्यायच्या झाल्या तर नाव आणि मुदत असलेला तुकडा देते, उरलेला बिननावाचा दुकानातच राहतो. तो पुढे फेकला जातो, हे नुकसान सासऱ्यांना कधी पटलं नाही.

गुरुवारालाही एक अडचण निघाली. अनेकींचा त्या दिवशी उपवास. उपाशी पोटी ही गोळी घेतली की मळमळतं, दुसरा दिवसही तसाच जातो, आणि मग "गोळी सोसत नाई" म्हणून ती बंद होते. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, रात्री उपवास सोडल्यावर जेवून घेऊ द्या, झोपेत मळमळ निघून जाईल. ते बहुतेकींना जमलं. एकीला शनिवार हवा होता. वार बदलताना मधलं अंतर सात दिवसांच्या आत येऊ द्यायचं नसतं, म्हणजे या गुरुवारी घेतली तर परवाच्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी. कालनिर्णयवर बोट ठेवून तिला ते दाखवलं. एखादा आठवडा चुकला तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हेही. आणि ताप आला, खोकला वाढला, गळू झालं तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

आता खारपाणपट्ट्याचं. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. आमच्या जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजारानं गेलेली माणसं नसलेलं गाव शोधावं लागेल. वान धरणावरून १४० गावांना गोडं पाणी द्यायची योजना त्यासाठीच आली. लोक सगळा दोष पाण्याला देतात. पाण्याचा वाटा किती हे तज्ज्ञांनी ठरवावं. काउंटरच्या आतल्या बाजूनं मला दुसरी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे याच गावांत डायक्लोफेनॅक आणि एसिक्लोफेनॅक किती खपतं ते. आमवाताची खरी औषधं लागू पडायला सहा ते बारा आठवडे घेतात. तेवढा दम कोण धरणार? दुखणं दाबणारी गोळी तासाभरात उतार देते, म्हणून बाई ती घेऊन निंदायला जाते. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि त्यावर ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करते. सोबत रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर तिघी मिळून मूत्रपिंडाला कोंडीत धरतात. शिवाय मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडतं तेही मूत्रपिंडातूनच. मूत्रपिंड मंदावलं की आठवड्याची मात्राही अंगात साचत जाते, वार न चुकवता. त्यामुळे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला मेथोट्रेक्सेट देताना मूत्रपिंडाची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, आधी पाहायला हवं आणि नंतरही पाहत राहायला हवं. इतर ठिकाणी ही खबरदारी असेल, इथं ती पहिली अट आहे.

हे सांगून कोणी ऐकत नाही. मूत्रपिंड आत असतं, दुखत नाही. मला उपयोगी पडली ती गिधाडं. जुन्या शेतकऱ्याला विचारायचं, आबाजी, तुमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची, ती कुठं गेली? सगळ्यांना आठवतं, कारण कोणाला माहीत नसतं. कारण हेच, डायक्लोफेनॅक. गुरांना दुखण्यावर ते टोचायचे, मेलेल्या गुराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. देशातली बहुतेक गिधाडं त्यात गेली, तेव्हा सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, तेही मी सांगते, खोटं भय घालायचं नाही. तरी एक म्हातारे गृहस्थ गोळी हातात धरून बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले होते. "म्हंजे हे थेच होय?" मग त्यांनी दहाच्या जागी दोनच घेतल्या. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं गिधाडं महाग पडली.

पुडीवाल्यांशी मात्र मला जमत नाही. आठवडी बाजारात, जत्रेत, कधी गाडीवर कर्णा लावून ते येतात. जडीबुटीची राखाडी पूड, रोज एक पुडी पाण्यातून, आठ दिवसांत वात खलास. आठ दिवसांत खरंच पडतो फरक. भूक लागते, हुरूप येतो, मूठ वळते. गावात त्याचं नाव होतं. सहा महिन्यांनी तीच बाई येते तेव्हा चेहरा गोल, गालांवर लाली, मानेमागे मांस आणि हातपाय काडीसारखे. साखर वाढलेली. असा चेहरा दिसला की पुडीत काय असणार याचा अंदाज यायला प्रयोगशाळा लागत नाही. स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं.

स्टेरॉइडची ही जादू जुनी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं आणि काही दिवसांत ती उठून चालायला लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. तोपर्यंत चेहरे गोल होणं, हाडं ठिसूळ होणं, साखर चढणं हे सगळंही दिसायला लागलं होतं. आज चांगले डॉक्टर ते थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी देतात, मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून. सकाळी नाश्त्यानंतर, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि उतरवत उतरवत बंद. उतरवणं महत्त्वाचं. बाहेरून रोज मिळालं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. पुडीवाला पुढच्या बाजाराला आलाच नाही, की घेणारी बाई उलट्या करत, रक्तदाब पडून कोसळते. म्हणून पुडी घेणाऱ्या कोणालाही मी "आजपासून टाकून द्या" असं कधी म्हणत नाही. पुडी पिशवीत घाला, तशीच डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील कशी सोडायची. निर्गुंडीच्या पाल्यानं शेकायला माझी काही हरकत नसते. त्यानं बरंही वाटतं.

२०२० चा मार्च-एप्रिल मला वेगळ्या कारणानं आठवतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियासाठी आलेली आणि आमवातात फार वर्षं वापरात असलेली साधी गोळी एका आठवड्यात बाजारातून नाहीशी झाली. आयसीएमआरनं कोरोनाच्या रोग्यांजवळ काम करणाऱ्यांना ती घ्यायला सांगितलं, टीव्हीवर ते सगळ्यांनी ऐकलं, आणि ज्यांना काहीही झालेलं नव्हतं ते स्ट्रिपा मागायला आले. सरकारनं निर्यात थांबवली, विक्रीला शेड्यूल एच-वनचे नियम लावले, म्हणजे चिठ्ठीची नोंद ठेवल्याशिवाय द्यायची नाही. होलसेलवाले फोन उचलत नव्हते. आमच्या नेहमीच्या आमवाताच्या बायकांसाठी सासऱ्यांनी शिल्लक स्ट्रिपा गल्ल्याच्या खाली ठेवल्या आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हटलं. त्यावरून दुकानात शिव्याही खाल्ल्या. काही महिन्यांतच त्या गोळीचा कोरोनावर उपयोग नाही हे सिद्ध झालं. गर्दी गेली, गोळी परत आली.

या गोळीचं वजनाशी नातं आहे, आणि ते आमच्याकडे फार लागू पडतं. दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, नाही तर वर्षानुवर्षांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, आणि झालेली इजा भरून येत नाही. शहरातल्या ऐंशी किलोच्या बाईला ठीक असणारी चारशेची गोळी आमच्या चाळीस किलोच्या शेतमजूर बाईला दुप्पट होते. मी दुकानात वजनकाटा ठेवला आहे तो यासाठी. चिठ्ठीवर चारशे आणि काट्यावर एकेचाळीस दिसलं की मी गोळी बदलत नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांना फोन लावते. एखादे डॉक्टर चिडतात. बहुतेक म्हणतात, बरं झालं विचारलंत. सुरुवातीला एकदा डोळ्यांची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी, हे मी तिच्या फाइलीवर लिहून देते.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीमुठीनं जायला लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. बातमी देशभर गेली, आयसीएमआरचं पथक आलं, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं. आमच्या दुकानात त्याचा परिणाम असा, की मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बायका घाबरून गोळी बंद करायला निघाल्या. कारण त्यांना डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, केस थोडे विरळ होतील. "थोडे म्हंता म्हंता तसं झालं तं?" विरळ होणं हळूहळू असतं, बहुधा मात्रा कमी केल्यावर किंवा फॉलिक ॲसिड वाढवल्यावर सुधारतं, आणि एका घरातल्या लहान पोरासकट सगळ्यांचे केस कोणाच्या एकटीच्या गोळीनं जात नाहीत. हे तेव्हा किती वेळा सांगितलं असेल. तरी दोघींनी सोडलीच. उन्हाळ्यात बोटं सुजवून परत आल्या.

तरुण मुलींचं काम सगळ्यात अवघड. मुलीला आमवात असला तर सोयरीक होईपर्यंत घरचे बोलत नाहीत, झाल्यावर तर नाहीच. एक नवी नवरी माहेरी आल्यावर आईबरोबर यायची आणि तीन महिन्यांचं औषध एकदम न्यायची. सासरी मेडिकलात जायची सोय नाही, कोणी विचारलं तर काय सांगणार. गोळ्या ती रक्तवाढीच्या गोळ्यांच्या डबीत ओतून ठेवायची, म्हणजे पुन्हा बिननावाच्या. मी तिला आईपासून बाजूला घेऊन एवढंच विचारलं, मूल लगेच हवं आहे का? तिनं खाली पाहत मान हलवली. मेथोट्रेक्सेट पोटातल्या बाळाला घातक आहे. दिवस राहण्याच्या निदान तीन महिने आधी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद करावं लागतं. लेफ्लुनोमाइड तर शरीरात त्याहून लांब रेंगाळतं. मात्र हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही चालू ठेवता येतात, म्हणजे मूल की औषध असा पेच नसतो. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला सांगायला तिनं आणखी बराच वेळ घेतला. सांगितल्यावर तो एकटाच दुकानात आला आणि सगळं पुन्हा एकदा माझ्याकडून समजून घेऊन गेला. सासूला अजून माहीत नाही म्हणे.

महागडी औषधं आमच्याकडे क्वचित येतात. ॲडालिमुमॅबची इंजेक्शनं २०१४ च्या शेवटी भारतीय कंपनीनं काढली तेव्हा किंमत उतरली, तरी कापसावर जगणाऱ्या घराला ती परवडत नाहीत. एक निवृत्त गुरुजी घेतात. दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात, म्हणून वीज गेली की आधी ती बर्फाच्या डब्यात जातात, मग इन्सुलिन. ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी लागते, कारण अंगात झोपलेला क्षय त्यांनी जागा होतो, आणि आपल्या देशात तो किती जणांच्या अंगात झोपलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. टोफासिटिनिबच्या गोळ्या अलीकडे स्वस्त झाल्या. त्यांच्यामुळे कधी नागीण उठते, आणि वय झालेल्या, विडी ओढणाऱ्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला त्या जपून द्याव्या लागतात. त्या चिठ्ठीशिवाय मागणारेही आता येतात. मोबाइलवर नाव दाखवतात.

बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. आमच्यापासून ते राजूर घाट चढून, आणि सांध्यांच्या डॉक्टरांसाठी लोक अजून नांदुऱ्याहून रेल्वेनं अकोल्यालाच जातात. दोन भेटींच्या मधले तीन महिने रोग्याजवळ असतो तो केमिस्ट आणि रक्त तपासणारा लॅबवाला पोरगा. त्याच्याशी मी ठरवून घेतलं आहे: मेथोट्रेक्सेटवाल्यांचे रक्तपेशी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट काही वेगळे दिसले, की तो रोग्याला मला दाखवून मग डॉक्टरांना फोन लावायला सांगतो. डोंगराकडच्या वस्त्यांतून येणाऱ्या पुरुषांना मोहाच्या दारूचं विचारावं लागतं, कारण यकृतावर दोन्हींचा भार पडतो. ते खरं सांगत नाहीत, एसजीपीटी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात दुकान बंद करायच्या वेळी एक मुलगा आला. "लघवीच्या जळजळीच्या गोळ्या द्या, मायसाठी." मागची चिठ्ठी दाखवली. त्यावर कोट्रायमॉक्साझोल, सल्फाची मोठी पांढरी गोळी, स्वस्त आणि वर्षानुवर्षं चालत आलेली. मी विचारलं, माय कोण? नाव सांगितल्यावर मेथोट्रेक्सेटवाल्यांची वही काढली. मेथोट्रेक्सेट, गुरुवार. या दोन औषधांची गाठ पडू द्यायची नसते. दोन्ही फॉलिक ॲसिडची वाट अडवतात, रक्तपेशी काही दिवसांत कोसळू शकतात. गावातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना मेथोट्रेक्सेटचं कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी दुसरं औषध सांगितलं. मुलगा तोवर पावसात गाडी चालू ठेवून उभा, चांगलाच वैतागलेला. "तिकडच्या दुकानात काई विचारत नाईत, मांगलं की देतात," म्हणाला. मी म्हटलं, मग तिकडे का नाही गेलास? "थे बंद झालं होतं," म्हणाला, आणि पैसे देऊन गेला.